ढवळताना उठायचं नाही

(कैरवान. जुन्या गावातलं एक घर. मौलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, आदल्या दिवशीची दुपार. आई आणि लेक यांच्यामध्ये चुलीवर एक मोठं पातेलं.)

महबूबा : ...थांबू नकोस, फिरव. तळाला लागली की अख्ख्या गल्लीत वास जातो. या वर्षी लोकांच्या तोंडी तेवढंच यायचं राहिलंय.

रौदा : फिरवतेच आहे गं उम्मी. खांदा निखळायला आला.

महबूबा : येणारच. राजधानीत बसून नुसते हात वर करायचे. पळीची सवय राहील कशी?

रौदा : तिथे हात वर नाही करत, बटण दाबतो.

महबूबा : घ्या! देशाचा कायदा बटणावर, आणि झगूगूची खीर अजून दंडाच्या जोरावर. काळ्या बिया भिजवा, दळा, गाळा, पुन्हा गाळा, मग ढवळत बसा. याला कुणी बटण नाही लावलं.

रौदा : तू जरा मागे सरक. डोळ्यांत वाफ जातेय. ऑपरेशनचं काय ठरलं?

महबूबा : मौलूद होऊ दे. मला डोळ्यांचं काय काम, हाताला सगळं कळतं. पळी जड लागायला लागली?

रौदा : थोडी.

महबूबा : मग आता तर उठायचंच नाही. दारात सुलतान आला तरी. ती शेजारची झोहरा बघ, जन्मभर तिची खीर गुठळ्यांची. का? कुणी हाक मारली की बाई पळी टाकून उठली. कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, कुणाची नवऱ्याशी जुंपलेली. तुझे बाबा म्हणायचे, झोहराची खीर म्हणजे आधी खडे वेचायचे, मग खायचं.

रौदा : आणि तरी वाडगा चाटूनपुसून साफ करायचे.

महबूबा : न खाऊन कसं चालेल? मौलूदचा वाडगा आला की खायचा, आणि आपली खीर घालून परत करायचा. रिकामा नाही धाडायचा. आणि न खाता तस्साच परत केला तर...

रौदा : तर काय?

महबूबा : आपल्या गल्लीत असं अजून झालेलं नाही. फिरव. बाबांनी शिकवलेलं म्हण काहीतरी. तोंड गप्प राहिलं की हात थकतो.

रौदा : तू आधी म्हण. तुझ्या मागून येते.

महबूबा :
फिर फिर गं पळी, काळ्या खिरीच्या भोवरी
नबी जन्मले मक्केत, उजेड आमच्या ओसरी

रौदा :
काळ्या खिरीवर साय, जशी रातीला चांदणी
लेक परतली घरा, नजर न लावो गं कुणी

महबूबा : हे दुसरं बाबांनी नव्हतं शिकवलं.

रौदा : नाही. हे तू म्हणायचीस. मी शाळेतून यायची तेव्हा.

महबूबा : ...येताना गल्लीत कोण भेटलं?

रौदा : रफीका भेटली. मी सलाम केला, तर तिला एकदम पिशवीतला कांदा शोधायचा होता.

महबूबा : सापडला?

रौदा : मी वळेपर्यंत तरी नाही. उम्मी, शुक्रवारी मशिदीत झोहरा खालाचा मोइझ नेमकं काय म्हणाला?

महबूबा : नाव नाही घेतलं त्याने.

रौदा : मग?

महबूबा : म्हणाला, या गल्लीतल्या कुराणशाळेच्या उंबऱ्यावरून एक बाई राजधानीत गेली आणि आता दीनच्या, आपल्या धर्माच्या, बाहेर उभं राहून कायदा लिहिते. आता गल्लीत कुराणशाळा एकच, तुझ्या बाबांची. बायकांच्या जाळीमागे मी बसले होते. माझ्या दोन्ही अंगांची चटई रिकामी झाली. कुणी उठलं नाही गं. नुसतं सरकलं.

रौदा : आणि मला तू फोनवर म्हणालीस, सगळं ठीक आहे, येताना पिस्ते आण.

महबूबा : पिस्ते लागणारच होते. तुलाही येतात ना फोन? खरं सांग.

रौदा : येतात काही. घटनासभेतून विचारलं, तुमच्या आईच्या दारात पोलीस बसवू का.

महबूबा : पोलीस? या दारात?

रौदा : म्हणून तर नको म्हटलं.

महबूबा : मला एकदा नीट सांग. पहिल्या कलमात देशाचा धर्म इस्लाम, असं आहे ना?

रौदा : आहे. पूर्वीच्या राज्यघटनेत होतं तसंच ठेवलंय. त्याला मीही होकार दिला.

महबूबा : मग सहाव्याने कुणाचं काय दुखतंय?

रौदा : सहाव्यात म्हटलंय, राज्य हे धर्माचं राखणदार.

महबूबा : राखणदार कसला? मळ्यावरचा की तुरुंगावरचा?

रौदा : अगं, भांडण तेवढंच आहे. म्हणून त्याला पुढे जोडलं, की माणसाचं अंतःकरण मोकळं राहील. आणि कुणी कुणाला काफिर ठरवायचं नाही. आता आमच्यातलेच काहीजण म्हणतात, हे काढा, यातून दीन वाहून जाईल. सणानंतर पुन्हा मत घेतील.

महबूबा : आणि तू?

रौदा : ठेवा म्हणणार.

महबूबा : डोक्यावर रुमाल आहे तुझ्या. नमाज चुकवत नाहीस. तुला कशाला हवंय ते मोकळं-बिकळं?

रौदा : हा रुमाल उतरव, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजच्या फाटकावर ऐकलं होतं मी. तूच आली होतीस सोबत. तेव्हा कायद्यात ही ओळ असती तर...

महबूबा : तर काय फाटकावरच्याने वाचली असती?

रौदा : ...नसती वाचली. पण मी मोठ्याने वाचून दाखवली असती.

महबूबा : तुझ्या बाबांसारखीच बोलतेस. बोलायचं आणि मग घरच्यांनी रडायचं. ऐक, मला एक सांगायचंय. रागावू नकोस. रागाने ढवळली की खीर कडू होते.

रौदा : काय केलंस उम्मी?

महबूबा : परवा झोहराकडे गेले होते. मोइझ घरीच होता. चांगला बोलला हो. उठून उभा राहिला, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाला, खाला, मला का हौस आहे? तिने फक्त एकदा कलमा म्हणावा. चारचौघांत नको, माझ्या आईपुढे. आईने ऐकला असं सांगितलं की मी शुक्रवारी मशिदीच्या मिंबरावरून सांगेन, गैरसमज होता.

रौदा : आणि तू हो म्हणालीस.

महबूबा : एका अल्लाशिवाय देव नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित. एवढंच तर आहे! दिवसभरात किती वेळा म्हणतेस. आत्ताही ओठांत असेल.

रौदा : आहेच.

महबूबा : मग?

रौदा : कलमा म्हणून माणूस आत येतो, उम्मी. मी बाहेर गेलेच कधी? मोइझने सांगितलं म्हणून म्हटला, तर मीच कबूल केलं की मी बाहेर होते आणि किल्ली त्याच्याकडे आहे.

महबूबा : असू दे की किल्ली त्याच्याकडे! तू आत येऊन बस ना!

रौदा : आणि उद्या तो दुसऱ्या कुणाला म्हणेल, तू बाहेरची. मग? तिची आई कुणाच्या दारात जाईल?

महबूबा : दुसऱ्यांच्या आया मला सांगू नकोस. मला आंघोळ कोण घालेल ते सांग.

रौदा : काय?

महबूबा : शेवटची. आईला लेकीने घालायची असते. झोहरा पाणी ओतेल, तू हात फिरवशील, असं बाबा गेले तेव्हापासून मी मनात ठरवून ठेवलंय. त्या दिवशी बायका म्हणाल्या, ही दीनबाहेरची, हिचा हात नको, तर मी फळीवर पडून काय करू? मला उठून तुझी बाजू घेता येणार आहे का?

रौदा : उम्मी...

महबूबा : पळी थांबली तुझी.

रौदा : तू कधी अशी भित्री नव्हतीस.

महबूबा : नव्हते. त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. जुन्या राजवटीत, नमाजी माणूस दिसला की उचलायचे तेव्हा, या इथे, आत येऊन, या फरशीवर उभा राहिला होता तो पोलीस. म्हणाला, तुझा नवरा पहाटेच्या नमाजाला मशिदीत जातो का? हो की नाही सांग, मी जातो. मी म्हटलं, ज्याच्यापुढे तो उभा राहतो त्याला विचार. मोठी शहाणी मी! त्यांनी तुझ्या बाबांना नेलं. परत आले तेव्हा बोटांनी जपमाळ ओढता येईना. मणी मी ओढायचे, नाव ते घ्यायचे. तेव्हाच ठरवलं, कुणी विचारलं की उत्तर द्यायचं आणि दार लावून घ्यायचं.

रौदा : बाबांनी कधी तुला बोल लावला?

महबूबा : लावला असता तर बरं झालं असतं. ...आली वाटतं. तू उठू नकोस, फिरव. ढकल गं झोहरा, दार उघडंच आहे!

झोहरा : उघडंच असतं तुमचं दार, म्हणून तर लोक बोलतात. बिस्मिल्ला. काय गं हा उंबरा, दरवर्षी बोटभर वाढतो! माझे गुडघे आता कबरीत उतरायचे तेवढे वाकतील, वर चढायचं नाव नको.

महबूबा : तुझी खीर?

झोहरा : चुलीवर. सुनेच्या हाती पळी देऊन आले. ती पळी कमी आणि फोन जास्त फिरवते.

महबूबा : म्हणजे यंदाही खडे.

झोहरा : खाशील मुकाट्याने. बस पोरी, बस, मीच वाकते. अगं, केवढी वाळलीस! कायदा लिहिणाऱ्यांना जेवू घालत नाहीत?

रौदा : सँडविच देतात, खाला.

झोहरा : तरीच. म्हटलं कलमं एवढी कोरडी का.

महबूबा : चहा टाकू?

झोहरा : नको. आधी ते. मग चहा गोड लागेल. ...पोरी, माझा मोइझ वाईट नाही गं.

रौदा : माहीत आहे. एकाच चटईवर बसून अलिफ शिकलो आम्ही. मला छडी बसली की तो रडायचा.

झोहरा : तुरुंगात त्याच्या नमाजावर हसायचे. सजद्यात कपाळ टेकलं की पाठीवर थंड पाणी ओतायचे. तुझी आई न् मी टोपली घेऊन जायचो, टोपलीची एक कडी हिच्या हाताला, एक माझ्या. भेटही द्यायचे नाहीत, डबे तेवढे ठेवून घ्यायचे. आता त्याला वाटतं, दार जरा किलकिलं राहिलं की तीच माणसं परत आत शिरतील. त्याला झोप नाही गं.

रौदा : मलाही नाही, खाला. माझ्या फोनवर काय येतं ते वाचून दाखवू?

झोहरा : ते त्याने लिहिलेलं नाही.

रौदा : त्याने नाही. त्याचं ऐकून आलेल्या कुणीतरी.

झोहरा : ...हे त्याच्या कानावर घालीन मी. पण आत्ता उरकून घेऊ. तू म्हण, मी ऐकते, की निघाले. तिकडे माझं पातेलं जळतंय.

रौदा : उम्मी, माझ्याकडे बघ.

महबूबा : मला कुठे नीट दिसतंय.

रौदा : तरी बघ. तू सांग. तू म्हणालीस तर म्हणते. मोइझसाठी नाही. तुझ्या त्या फळीसाठी.

झोहरा : बोल गं महबूबा. पोर तयार आहे. खीर आळायला लागली.

महबूबा : झोहरा, परत एकदा विचार.

झोहरा : काय विचारू?

महबूबा : जे विचारायला आलीस ते. सबंध विचार. चहा-पातेलं मध्ये न आणता.

झोहरा : आता हे काय नवीन? बरं. पोरी, तू मुसलमान आहेस का? असशील तर कलमा म्हणून दाखव.

महबूबा : तू कुठे उभी आहेस बघ.

झोहरा : कुठे म्हणजे? चुलीपाशी. या फुटक्या फरशीवर.

महबूबा : तोही तिथेच उभा होता. त्याला मिशा होत्या, तुला नाहीत, एवढंच. तू भिंतीपलीकडून ऐकत होतीस त्या दिवशी.

झोहरा : ऐकलं. मग कानावर हात ठेवले.

महबूबा : मी त्याला काय म्हणाले?

झोहरा : महबूबा, तो सरकारचा होता. मी तुझी झोहरा आहे.

महबूबा : म्हणून तर तुला दोनदा विचारायला लावलं. म्हटलं, तुझ्या तोंडी तरी वेगळा वाटेल तो प्रश्न. नाही वाटला गं. ज्याच्यापुढे माझी लेक उभी राहते, त्याला विचार, जा.

रौदा : उम्मी, अगं तूच तर...

महबूबा : तू फिरव. मी भ्यालेली आहे. अजूनही भ्यालेलीच आहे. पण आज उत्तर दिलं, तर त्यांच्या बोटांचं काय? ती मग कशासाठी गेली? शिव्या दे हवं तर.

झोहरा : शिव्या काय देऊ. मोइझला काय सांगू?

महबूबा : सांग, खीर झाली.

झोहरा : या गल्लीतल्या एवढ्या बायांना न्हाऊ घातलं मी. चांगल्या होत्या, चहाटळ होत्या, एक तर माझी सवतच व्हायची राहिली होती. कुणालाही काही विचारलं नाही. पाणी कोमट आहे का, तेवढं बघते. आणि या जिवंत पोरीला विचारायला आले बघ, गुडघे मोडत. ...भर वाडगा.

महबूबा : नेशील?

झोहरा : गल्लीत पहिला वाडगा तुझ्या धन्याच्या, सी ताहरच्या घरचा. तो आल्याशिवाय कुणी चमचा लावत नाही. ते गेले म्हणून रीतही गेली का? भर. साय नीट घाल, बदाम माझ्या बाजूला जास्त.

रौदा : खाला, मोइझला सांग...

झोहरा : काही सांगणार नाही. त्याच्यापुढे वाडगा ठेवीन, शेजारी चमचा ठेवीन आणि आत जाईन. पण दोघी ऐकून ठेवा. माझे गुडघे आज दुसऱ्यांदा हा उंबरा चढणार नाहीत. परतीचा वाडगा आला तर तोच आणेल, आपल्या हाताने. आमची खीर घालून आणेल, की तुमचीच तशी परत ठेवून जाईल, ते मला नाही ठाऊक. मी त्याची आई आहे. त्याच्या काळजाची किल्ली माझ्याकडेही नाही.

महबूबा : जपून जा गं. उंबरा...

झोहरा : माहीत आहे तुझा उंबरा. पोरी, आता उतरव पातेलं. छान झालीय. मेलीची खीर दरवर्षी छान होते, तेच तर दुःख आहे.

महबूबा : ...गेली?

रौदा : गेली. भिंतीला हात लावत चाललीय. वाडगा पदराखाली धरलाय.

महबूबा : लपवून नेतेय.

रौदा : थंडी आहे उम्मी. निवू नये म्हणून.

महबूबा : बाकीचे वाडगे भर. तूच नेऊन दे. लपून बसलीस असं नको व्हायला. सगळीकडे दे, रफीकाकडेही.

रौदा : आणि तू?

महबूबा : मी इथे दारापाशी बसते.

रौदा : ...आले गं, गल्लीभर फिरून. दिले सगळे.

महबूबा : घेतले?

रौदा : घेतले. रफीकाने दार अर्धंच उघडलं, हात बाहेर काढला. पण चमचा कुणी लावलेला दिसला नाही. सगळ्यांचे वाडगे झाकून ठेवलेत.

महबूबा : मोइझ काय करतो त्याची वाट बघतायत. ऊन कुठपर्यंत आलं?

रौदा : डाळिंबाच्या शेंड्यावर. मोठ्या मशिदीकडे ढोल सुरू झालेत, बाहेरगावची माणसं चाललीत.

महबूबा : म्हणजे मगरिबची, तिन्हीसांजेची, बांग होईल आता. तो बांगेआधी मशिदीत जातो. आत्ता नाही आला तर नाही. ...मी तुला भलत्या वेळी शहाणपण शिकवलं का गं? हो म्हणू दिलं असतं तर आत्ता गल्ली घरात बसली असती, हसत.

रौदा : मी म्हटलं असतं, उम्मी. खरंच म्हटलं असतं.

महबूबा : तेच तर. तू म्हटलं असतंस. ...श्श. पावलं.

रौदा : तू बस. मी बघते.

महबूबा : दार उघडू नकोस! फटीतून बघ. माझ्या काळजा, फटीतून.

रौदा : उंबऱ्यावर काहीतरी ठेवलंय. वळला. पाठ दिसतेय. अंगावर तपकिरी बुरनूस.

महबूबा : मोइझच. सलाम केला?

रौदा : नाही. पण थांबला होता थोडा. हात दाराकडे आला होता, मग मागे घेतला.

महबूबा : वाडगा आपलाच?

रौदा : आपलाच. निळ्या काठाचा. वर फडकं बांधलंय. जड आहे, उम्मी.

महबूबा : जड म्हणजे काय? आपली खीर न खाता परत आली तरी जडच असणार.

रौदा : गाठ सोडू?

महबूबा : नको. तू बघशील, आणि तुझ्या श्वासावरूनच मला कळेल. मला दे. मांडीवर ठेव. चमचा दे.

रौदा : मी धरू वाडगा?

महबूबा : नको. बिस्मिल्ला.

रौदा : उम्मी? चव घेतलीस ना? काय आहे?

महबूबा : मेली. यंदाही ढवळता ढवळता उठली होती.